खंडेनवमी आणि ई-टूच्या दहा नळ्या

ई-टू म्हणजे काय, हे मी आयुष्यात किती जणांना समजावलं असेल याला गणती नाही. सासूबाईंना समजावलं, शेजारणींना समजावलं, लग्नकार्यात गाठून 'पीएचडीचं कुठवर आलं गं?' म्हणून विचारणाऱ्या प्रत्येक आत्या-मावशीला समजावलं. सगळ्या 'हो का!' म्हणायच्या आणि जिलबीकडे वळायच्या. तेव्हा इथे पुन्हा एकदा सांगते आणि सुटते.

आपल्या पेशीत जे प्रथिन जुनं झालं, बिघडलं, त्याच्यावर युबिक्विटिन नावाची एक इवलीशी चिठ्ठी चिकटवली जाते. चिठ्ठी लागली की पेशी ते प्रथिन मोडीत काढते. ही चिठ्ठी लावायला तीन एन्झाइम लागतात. पहिलं, म्हणजे ई-वन, चिठ्ठी तयार करतं. तिसरं, ई-थ्री, ती कुणाला लावायची ते ठरवतं. मधलं ई-टू. ते इकडून चिठ्ठी उचलतं आणि तिकडे नेऊन देतं. हमालच म्हणा ना. मला हवं होतं ते माणसाचं ई-टू, पण माणसातून काढलेलं नव्हे. माणसाचं जनुक बॅक्टेरियात घालायचं आणि त्यांच्याकडून ते बनवून घ्यायचं, अशी त्याची रीत. परदेशातली एक कंपनी ते विकायची. एका नळीत थेंबभर माल, आणि नळीवर बारीक अक्षरात, 'फक्त संशोधनासाठी'.

मी नाशिकच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत होते. नव्वदीच्या शेवटी शेवटी पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा मुलगी चौथीत होती. ती अकरावीत गेली तरी माझा प्रबंध तिथेच. पेठच्या डोंगरात एक झाड आहे, त्याच्या सालीचा लेप तिथली माणसं गाठीवर लावतात. त्या सालीचा अर्क ही चिठ्ठी चिकटवण्याची क्रिया थांबवतो का, एवढा माझा प्रश्न. ऐकायला सोपा आहे. अहो, पण करून बघा! सकाळी सहाला डबे, साडेसातला नाशिक रोडहून सिटी बस, दिवसभर लेक्चरं आणि प्रॅक्टिकलं, चारनंतर माझं स्वतःचं काम, सातला परत, मग कुकर. पुण्याला माझ्या मार्गदर्शक बाई होत्या. दर महिन्याला त्यांच्याकडे जायचं, त्यांनी प्रकरणावर लाल रेघा मारायच्या आणि मी त्या घेऊन परत यायचं. दोनदा मुदतवाढ घेतली होती. तिसऱ्यांदा विद्यापीठाने स्पष्ट लिहून कळवलं की डिसेंबरअखेर प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द. सात वर्षांचं काम पाण्यात.

प्रबंधात एकच गोष्ट बाकी होती. ई-टू घालून, अर्क घालून आणि न घालून, तोच प्रयोग तीनदा करून दाखवायचा. बाई म्हणायच्या, "एकदा आलं ते आलं असं समजू नये. तीनदा आलं तर लिहायचं."

ई-टू मागवल्यापासून हातात पडेपर्यंत चार महिने गेले. कंपनीकडून मुंबईच्या विक्रेत्याकडे, मध्ये कस्टममध्ये अडकलं, सुका बर्फ संपला, पुन्हा घातला, पुन्हा फोन. शेवटी श्रावणात एका सकाळी विक्रेत्याचा माणूस थर्माकोलचा खोका घेऊन नाशिक रोड स्टेशनवर उतरला. मी रिक्षा करून तो खोका मांडीवर घेऊन कॉलेजात आणला. रिक्षावाला म्हणाला, "ताई, आइस्क्रीम का?" मी हो म्हटलं. कोण समजावत बसणार!

त्याच वर्षी आमच्या विभागाला उणे ऐंशीचा फ्रीजर मिळाला होता. कपाटाएवढा उंच, पांढरा, घरघर करणारा. त्याआधी आमच्याकडे होता तो घरातल्यासारखा एक फ्रीज आणि एक जुना डीप फ्रीजर. ई-टू पुन्हा पुन्हा वितळून गोठवलं की मरतं, म्हणून मी पहिल्याच दिवशी त्या थेंबाचे दहा बारीक वाटे केले. दहा नळ्या, एका डबीत, फ्रीजरच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात. एक नळी वापरून भाद्रपदात पहिला प्रयोग केला. आणि काय सांगू, आला! प्रयोगाच्या फोटोत अर्क नसलेल्या ओळीत चिठ्ठ्या लागलेल्या प्रथिनांची शिडी दिसत होती, पट्ट्यावर पट्टा. अर्क घातलेल्या ओळीत शिडी गायब. मी तो फोटो दिव्यासमोर धरून कितीतरी वेळ बघत उभी राहिले. मग हात धुऊन बसस्टॉपवर गेले, कारण सव्वासातची बस चुकली तर आठपर्यंत दुसरी नसायची.

उरलेले दोन प्रयोग लगेच का केले नाहीत, असं कुणीही विचारेल. बाईंनी विचारलंच. मी दमले होते, हेच खरं उत्तर आहे. सहामाही परीक्षा तोंडावर होती, घरात सासूबाईंचा गुडघा, मुलीचे क्लास. म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत निवांत करू, कॉलेज रिकामं असतं. नऊ नळ्या आहेत, डिसेंबर लांब आहे. हातातोंडाशी आलेला घास कुठे पळून जातोय!

आता मामांबद्दल सांगायला हवं. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. मखमलाबादच्या बाजूला त्यांची थोडी जमीन, तिच्यात झेंडू आणि पालेभाज्या. पहाटे बायकोबरोबर फुलं तोडून, तिला बाजारात सोडून, ते दहाच्या ठोक्याला कॉलेजात हजर. अकरा वर्षं हंगामी होते. दरवर्षी नेमणुकीचा कागद संपायचा, दरवर्षी नवा निघायचा. कायम करायच्या माणसांची यादी त्या दिवाळीनंतर संस्थेकडे जाणार होती आणि तिच्यात मामांचं नाव वरून दुसरं होतं. हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं, कारण मामांनी ते स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं. काचेचं सामान मामांनी धुतलं की मी पुन्हा बघायची नाही. विज्ञान शिकलेले नव्हते, पण सांगितलेलं एकदा ऐकलं की विसरायचे नाहीत.

त्या वर्षांत लोडशेडिंगचा नुसता कहर होता. रोज चार-चार, पाच-पाच तास वीज जायची. वीज गेली की नव्या फ्रीजरची शिट्टी वाजायला लागायची, कान किटायचे. मीच मामांना दाखवलं होतं, "हे बटण दाबा, शिट्टी बंद होते. दार उघडलं नाही तर चार-पाच तास काही बिघडत नाही." तेव्हापासून शिट्टी वाजली की कुणीही जाता-येता बटण दाबून पुढे जायचं. आम्हाला त्याची सवयच होऊन गेली होती.

आमच्या विभागात खंडेनवमी जोरात व्हायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळी यंत्रं बंद करायची, धुऊन-पुसून काढायची, हळदकुंकू, हार, नारळ. मग दसऱ्याचा दिवस यंत्रांना विसावा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. माझ्या आधीच्या विभागप्रमुखांपासून चालत आलेलं होतं हे. जुन्या फ्रीजमध्ये साधी रसायनं असायची, एक-दोन दिवसांनी त्यांना काही व्हायचं नाही. सूक्ष्मदर्शक, तराजू, सेंट्रिफ्यूज, सगळ्यांना एकेक हार. हार मामांच्या शेतातले. दरवर्षी मामांची बायको ते रात्रभर गुंफायची आणि आमच्याकडून एक पैसा घ्यायची नाही. आपला नवरा शाळेत आहे, असं ती म्हणायची. कॉलेजला ती शाळाच म्हणायची.

त्या नवमीला मी प्रयोगशाळेत कोपऱ्यातल्या टेबलावर सहामाहीच्या गुणांची बेरीज करत बसले होते. बेरीज तीनदा केली, तीनदा वेगळी आली. मामा बादली आणि फडकी घेऊन आले.

"मॅडम, दरवर्षीसारखंच का?"

"हो."

"समदं बंद करून पुसून घेऊ?"

"हो मामा, घ्या."

"ही नवी पेटी पण? तिला आत बर्फ लय साचलाय."

"हो, तिला पण. नवी आहे, तिला चांगला हार घाला."

मी मान वर केली नाही. त्यांनी काय विचारलं ते मला नीट ऐकू आलं होतं. नंतर मी स्वतःला पटवायचा पुष्कळ प्रयत्न केला की मी दुसऱ्याच कशाचं तरी उत्तर दिलं असेन. खोटं आहे ते. त्यांनी विचारलं, मी ऐकलं, मी हो म्हटलं आणि पुन्हा बेरजेला लागले. डोकं चालतच नव्हतं. त्या दिवसांत मला कुणी 'मॅडम, छप्पर काढून पुसू का' असं विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. पूजेच्या वेळी मी पाच मिनिटं हात जोडून उभी राहिले, प्रसाद घेतला आणि बस पकडली. पांढऱ्या फ्रीजरवर कुंकवाचं स्वस्तिक होतं, वर केशरी-पिवळा मोठा हार होता. मी बघितला, छान दिसतोय म्हटलंसुद्धा. तो घरघरत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही.

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी अकराला मी कॉलेजात पोचले तेव्हा मामांनी सगळी यंत्रं सुरू केली होती. फ्रीजर घरघरत होता. त्याचा आकडा उणे ऐंशी नव्हे, उणे नऊ दाखवत होता. मी दार उघडलं. आतून स्वच्छ, कोरडा, साबणाचा वास येत असलेला. वरच्या कप्प्यात माझी डबी होती. नव्या लाल फडक्यात गुंडाळलेली, वर हळदकुंकवाची दोन बोटं.

"मामा, ही डबी दोन दिवस कुठे होती?"

"टेबलावर ठेवली होती मॅडम. सांडू नये म्हणून गुंडाळली. पेटीतलं समदं टेबलावरच होतं, पूजेला."

ऑक्टोबरचं ऊन, बंद खिडक्या, दोन दिवस आणि दोन रात्री. मी तिथेच स्टुलावर बसले. मामांनी पाणी आणून दिलं. त्यांना काहीतरी चुकलंय एवढं कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. मी सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की आता हे म्हणतील, मॅडम, मी तर तुम्हाला विचारलं होतं. त्यांचा चेहरा पडला आणि ते लाल फडकं हातात घेऊन त्याच्या घड्या घालत राहिले.

तरीही मी प्रयोग लावला. माणसाला आशा असते ना मेली! ई-वन, ई-थ्री आणि चिठ्ठ्याही त्याच टेबलावर वाया गेल्या होत्या, पण त्या पुण्याच्या बाईंकडे शिल्लक होत्या आणि चार दिवसांनी मिळाल्या. ई-टू मात्र होतं तेवढंच. पहिल्या नळीने काही नाही, तिसरीने काही नाही, सातवीनेही नाही. अर्क घातलेली ओळ आणि न घातलेली ओळ अगदी सारखी, दोन्ही कोऱ्या. हमाल मेला होता. नवीन मागवायचं तर पुन्हा चार महिने, आणि माझ्याकडे उरले होते दोन.

बाई फोनवर म्हणाल्या, "शेवटची मुदतवाढ मिळू शकते, सहा महिन्यांची. पण कारण उमेदवाराच्या हाताबाहेरचं असलं पाहिजे आणि प्राचार्यांचं पत्र पाहिजे. तुमच्या स्वतःच्या चुकीला कुणी मुदत देणार नाही. बघा काय ते."

घरी नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "मग शिपायाने केलं ना? तसं लिहा. त्यात खोटं काय आहे?" मी म्हटलं, "मी हो म्हटलं होतं." ते पेपरची घडी करत म्हणाले, "ते कुणाला माहीत आहे?" आणि त्यांचंही बरोबर होतं. कुणालाही माहीत नव्हतं.

प्राचार्यांच्या खोलीत मी अर्ज घेऊन गेले. अर्जात मी लिहिलं होतं, 'प्रयोगशाळेतील शीतयंत्र परवानगीशिवाय बंद करण्यात आल्यामुळे'. कुणी बंद केलं ते लिहिलं नव्हतं. मला वाटलं, तेवढ्याने भागेल, कुणाचं नाव येणार नाही. केवढी मी शहाणी! प्राचार्य सरांनी वाचलं आणि घंटी वाजवून मामांना बोलावून घेतलं.

"फ्रीजर तू बंद केलास?"

"हो साहेब."

"कुणाला विचारून?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, धाकानेही नाही. मी बोलेन म्हणून बघितलं. मी अर्जाच्या कोपऱ्याकडे बघत होते, तो कोपरा दुमडला होता आणि मी तो नखाने सरळ करत होते. माझ्या मनात त्या वेळी डिसेंबर होता. सात वर्षं होती. सिटी बस, लाल रेघा, मुलीचा पाचवीपासूनचा प्रत्येक वाढदिवस जिथे मी उशिरा पोचले, सगळं होतं. तोंड उघडायला एक शब्द लागला असता. 'मला' एवढाच.

मग मामा म्हणाले, "नाय विचारलं साहेब. चुकलं."

सरांनी मामांच्या फाइलीत नोंद केली. माझ्या पत्रावर सही केली. मला मुदतवाढ मिळाली. माघात नवं ई-टू आलं, मी रजा टाकून पंधरा दिवसांत तिन्ही प्रयोग केले, तिन्ही आले, अगदी पहिल्यासारखी शिडी. जूनमध्ये प्रबंध गेला, पुढच्या वर्षी तोंडी परीक्षा झाली. घरी सगळ्यांनी सत्यनारायण घातला. कॉलेजात पेढे वाटले ते मामांनीच, ताट घेऊन वर्गावर्गांतून. 'आपल्या मॅडम डॉक्टर झाल्या' असं सांगत होते. मला वाटलं होतं की त्या दिवशी मी नाचेन. मला नुसती झोप आली. घरी येऊन साडीसकट पडले ती दुसऱ्या दिवशी नऊला उठले.

कायम करायच्या यादीत मामांचं नाव आलं नाही. त्या नोंदीमुळे. मी चौकशी केली नाही, पण विभागाच्या क्लार्कने आपणहून सांगितलं. पुढच्या यादीच्या वेळी वयाची अट आडवी आली. आणखी दोन वर्षं त्यांनी काचसामान धुतलं, मग कागद पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर तीनेक वर्षांनी ते एकदा आले. तोवर मी विभागप्रमुख झाले होते. एका सोसायटीत वॉचमनची जागा निघाली होती आणि त्यांना कॉलेजचा दाखला हवा होता, किती वर्षं काम केलं आणि वागणूक कशी. मी दाखला लिहायला घेतला. 'वागणूक' लिहिलं आणि पुढे हात चालेना.

मी म्हटलं, "मामा, त्या नवमीला तुम्ही मला विचारलं होतं."

"हो. आन तुम्ही हो म्हणला." त्यांनी एवढ्या सहज म्हटलं की मला आधी कळलंच नाही.

"मग सरांना का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बसल्या होत्या ना तिथं. तुम्ही नाय बोलल्या, मग मी कसं बोलू?"

मी रडले नाही. रडायला हवं होतं. मी म्हटलं, चुकलं माझं, फार चुकलं मामा. ते म्हणाले, "जाऊ द्या. माझं काय, शेती हाय, ही नोकरी लागंल. पण घरवाली लय बोलती. म्हणती, अकरा वर्षं खाल्ली आन एका बटणापायी घालवली. मी तिला सांगितलं, मॅडमनीच सांगितलं होतं म्हणून. तिचा इश्वास बसत नाय. ती म्हणती, एवढी शिकलेली बाई असं सांगंलच कशी, तूच खोटं बोलतोस. तेवढं एकदा घरी येऊन तिला सांगा तुम्ही. दुसरं काय नको."

मी म्हटलं, "रविवारी येते. नक्की." त्यांनी रस्ता समजावला, मी डायरीत लिहून घेतला. पाटाच्या पुलाआधी उतरायचं, डाव्या हाताला झेंडूचं वावर, त्याच्या मागे घर. दाखल्यावर मी 'वागणूक उत्तम' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. ते दाखला दोन्ही हातांनी घेऊन गेले.

त्या रविवारी माझं डोकं दुखत होतं. पुढच्या रविवारी पेपर तपासायचे होते. त्याच्या पुढच्या रविवारी मी साडी नेसून तयारही झाले होते, सीबीएसच्या बसस्टँडपर्यंत गेले, मखमलाबादची बस लागलेली होती. तिच्यात चढून मी त्या बाईसमोर उभी राहिले तर काय म्हणायचं, हे वाक्य मी मनात जुळवत राहिले. कंडक्टरने दोनदा विचारलं, "यायचंय का?" मी नाही म्हटलं. बस गेली आणि मी नाशिक रोडच्या बसमध्ये बसले.

त्याला आता चार वर्षं झाली. मी अजून गेलेले नाही.